मधलं पान सोडायचं नाही

पुस्तकं वाचणाऱ्या बाईच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. आपण आपलं धुणं वाळत घालत असतो आणि भिंतीपलीकडून एकेक येऊन पडतो. एक सांगायला घ्यावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. आमच्या ह्यांचं म्हणणं, किस्से येत नाहीत, मीच भिंतीला कान लावून उभी असते. असू दे.

भिंतीपलीकडं म्हणजे शकूताई. भोरला एसटी स्टँडजवळ त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. चाळिशी ओलांडली, लग्न केलेलं नाही. आई होती तोवर घरात दोन माणसं होती. मागच्या वर्षी आई गेली. आता एक माणूस आणि भिंतभर पुस्तकं. जुन्या जाडजूड कादंबऱ्या, नाहीतर राजकारणावरची पुस्तकं, तिसरं काही चालत नाही. वाचून झालं की मत सांगायला माणूस लागतं, आणि ते माणूस मी. मी सातवी शिकलेली. आजवर एवढी मतं ऐकली, पण पुस्तक चांगलं होतं की वाईट, हे मला एकदाही कळलेलं नाही.

माझ्या डोक्यात दुसरंच चाललेलं असायचं. मार्गासनीला माझा आत्तेभाऊ असतो, दत्ता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. रस्त्याला पिठलं-भाकरीचं हॉटेल चालवतो, आई सांभाळतो, स्वभावानं गरीब. ह्या दोघांचं जमावं असं मी मनात धरलं होतं. शकूताईंना बोलून दाखवलं की त्या म्हणायच्या, "बघू." त्या 'बघू'च्या दिवसांतलेच हे सगळे किस्से.

* * *

एकदा सकाळी शकूताई अंगणात मोबाईलवर मैत्रिणीशी बोलत होत्या. आवाज चढलेला.

"सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. कसला देवमाणूस? गावाची भांडणं मिटवत फिरतो, आणि घरी बायको तापानं फणफणलीय, तिला पाणी हवं का एवढंसुद्धा विचारत नाही. त्याच्या शेजारी राहत असते ना, तर तोंडावर बोलले असते."

आमच्या कोपऱ्यावर तेव्हा नवीन भाडेकरू आले होते. नवरा कचेरीत, सगळ्यांशी हसून बोलणारा, कुणाचाही दाखला अडला की पळणारा. माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला. मी मऊ भात टाकला, वर तूप-मेतकूट घातलं आणि गेले.

बाई दारात उभी राहून वेणी घालत होती. चांगली ठणठणीत. मला वाटलं, दाखवत नाहीये बिचारी. मी तिचा हात धरला आणि हळूच म्हटलं, "बाहेरच्यांचं सगळे बघतात, घरच्या माणसाचं कोण बघणार? मला कळलंय सगळं."

तिचा चेहरा उतरला. "काय कळलंय, काकू?"

त्या संध्याकाळी त्या देवमाणसाला घरात चहा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला आणि हात जोडून विचारायला लागला, की तुम्हाला नेमकं काय कळलंय ते मलाही सांगा.

मी शकूताईंकडं गेले. त्यांनी कपाटातून एक पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. म्हणाल्या, "मी ह्याच्याबद्दल बोलत होते."

"म्हणजे तो माणूस आता हयात नाही?"

"तो कधी नव्हताच."

"आणि बायको?"

"तीही नव्हती. कादंबरी आहे, वहिनी."

मी म्हटलं, जी बाई नव्हतीच तिच्या तापापायी एवढा राग कशाला करायचा? शकूताईंनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "भात कोण घेऊन गेलं होतं?"

* * *

राजकारणाचं पुस्तक शकूताई पाठीमागून वाचायला घेतात. आधी फोटो बघायचे, मग शेवटी माणसांची नावं दिलेली असतात ती बघायची, कोण आलंय आणि कोण गाळलंय. त्यानंतर पहिलं पान. मी म्हटलं, ही कुठली रीत? तर म्हणाल्या, लग्नात आपण आधी पंगतीत कोण कोण बसलंय तेच बघतो की नाही?

आमच्या गल्लीतल्या एका कार्यकर्त्यानं त्यांना त्याच्या साहेबांचं आत्मचरित्र आणून दिलं. कार्यक्रम होता, तिथं बोलायला एका वाचकाचं मत हवं होतं, तेही बाईमाणसाचं असलं तर बरं. चार दिवसांनी तो मत न्यायला आला, तेव्हा मी तिथं होते. म्हणजे विरजण मागायला गेले होते.

शकूताई म्हणाल्या, "पुस्तकात साहेबांची एकही चूक नाही. मग एवढी पानं लागली कशाला?"

तो म्हणाला, "म्हंजे चांगलं म्हणायचं ना, ताई?"

"ज्या माणसाला सगळं आधीपासूनच कळत होतं तो राजकारणात कशाला गेला, हे मला कळलं नाही. आणि वहिनीसाहेब पुस्तकात दोनदाच येतात. एकदा मांडवात, एकदा दवाखान्यात."

त्यानं मान डोलावली आणि गेला. कार्यक्रमाच्या दिवशी माईक हातात घेऊन म्हणाला, आपल्या भोरच्या एका विदुषी भगिनीनं अख्खं पुस्तक वाचून असं मत दिलंय की साहेबांच्या आयुष्यात एकही चूक सापडत नाही! टाळ्या पडल्या. शकूताईंना वर बोलावून शाल घातली.

परत येताना मी विचारलं, म्हणजे तुम्हाला पुस्तक आवडलं होतं का? त्या शालीकडं बघत म्हणाल्या, "मत सांगितल्यावर शाल मिळाली की समजायचं, मत कुणी ऐकलेलं नाही."

मला अजून कळलेलं नाही, की मग शाल घेतली कशाला. तशी ऊबदार आहे.

* * *

हा किस्सा हसण्यातला नाही, पण ह्याच माळेतला आहे.

देशातली धरणं आणि देशाची प्रगती, असं काहीतरी एक जाड पुस्तक शकूताईंनी आणलं होतं. राजकारणाच्या पुस्तकाला त्या सहसा चांगलं म्हणत नाहीत, ह्याला म्हणाल्या. लेखक गावोगाव हिंडलाय, कुणाची भीड ठेवली नाही, असं आमच्या ओट्यावर बसून सांगत होत्या. आमचे हे बाजूला सुपारी कातरत होते. पुस्तकाच्या बोलण्यात ह्यांनी कधी तोंड घातलेलं नाही. त्या दिवशी एकदम म्हणाले, "ताई, आमचं गाव हाय का वो त्यात?"

ह्यांचं मूळ गाव धरणात गेलंय. हे शाळेत होते तेव्हा.

शकूताईंनी मागची नावं बघितली. मग नकाशा बघितला. मग पुढून पानं चाळायला लागल्या. बराच वेळ गेला. माझा चहा उकळून आटला. शेवटी म्हणाल्या, "नाही."

हे म्हणाले, "असू दे. ल्हानच हुतं."

दुसऱ्या दिवसापासून शकूताई त्या पुस्तकाचं नाव काढू देईनात. खरं आहे, म्हणाल्या, पण अर्धं आहे. आणि हे मला सांगायला लागले, की म्या आपलं सहज इचारलं, एवढ्या मेहनतीच्या पुस्तकाला कशाला नावं ठेवायची? ज्याचं गाव गाळलं तो पुस्तकाची बाजू घेतोय, आणि जिचं काहीच बुडलं नाही ती रुसून बसलीय. मी कुणाची समजूत काढायची?

* * *

आता लग्नाचं. दत्ताच्या आधी एक स्थळ आलं होतं. गुरुजी होते, सासवडकडचे. शिकलेले, सुस्थितीतले, शिवाय वाचनाची आवड. मला वाटलं, झालं, आपला दत्ता गेला.

गुरुजींनी कपाटावरून नजर फिरवली आणि एका कादंबरीवर बोट ठेवून म्हणाले, "अप्रतिम." दुसरीवर ठेवलं, "अप्रतिम." शकूताईंनी तिसरी काढून हातात दिली. तीही अप्रतिम.

शकूताई म्हणाल्या, "हिच्यात तो धाकटा भाऊ शेवटी जे करतो, ते तुम्हाला पटलं का?"

गुरुजी म्हणाले, तिथंच तर खरी कादंबरीची उंची आहे.

शकूताईंनी पोहे दिले, चहा दिला, गेटपर्यंत सोडायला गेल्या. परत आल्यावर मी विचारलं, काय ठरलं? म्हणाल्या, "धाकटा भाऊ नाहीच आहे त्यात." वाचलं नाही म्हणाले असते तर मी हो म्हटलं असतं कदाचित, असंही म्हणाल्या.

तेव्हा मी धीर केला. म्हटलं, आमच्या दत्तानं काहीच वाचलेलं नाही. मसाल्याच्या पाकिटावरचं सोडून.

त्या पहिल्यांदा हसल्या. आत गेल्या आणि लाल कापडात बांधलेलं एक पुस्तक घेऊन आल्या. त्यांचं अगदी जवळचं, जुनं, बांधणी सुटलेली, म्हणून कापडात. म्हणाल्या, "हे त्यांना द्या. सावकाश वाचू दे. मधलं पान सोडायचं नाही, आणि पुरं झाल्याशिवाय परत आणायचं नाही. मग मी येऊन विचारेन, काय वाटलं. त्यावर ठरवू."

* * *

मी मार्गासनीला गेले तेव्हा दत्ता हॉटेलात होता. घरी सोनाआत्या. आत्याला अक्षर येत नाही. मी लाल कापडातलं ते तिच्या हातात दिलं आणि निरोप जसाच्या तसा सांगितला. दत्तानं वाचायचं, मधलं पान सोडायचं नाही, पुरं झाल्याशिवाय परत द्यायचं नाही.

आत्यानं ते कपाळाला लावलं. मला वाटलं, होणाऱ्या सुनेकडून आलंय म्हणून लावलं असेल.

काही दिवसांनी सहज डोकवायला म्हणून गेले. दिवेलागण झाली होती. आत्याच्या पडवीत आठ-दहा बाया डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या. समोर पाट, पाटावर लाल कापड, समई, झेंडूची फुलं. आणि दत्ता अंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून, पोथीच्या चालीत कादंबरी वाचतोय. "आणि ते ऐकूनि तुळसेची सासू वदली..." बाया च्यक् च्यक् करतायत.

तुळसा म्हणजे त्या कादंबरीतली बाई. नवरा देशकार्याला म्हणून निघून गेलेला, आणि ही सासरी राबतेय.

वाचता वाचता एके ठिकाणी दत्ता अडकला, कानापर्यंत लाल झाला, खोकला, आणि म्हणाला, "हितं उजेड कमी हाय," आणि चार ओळी खाली उतरला. पान सोडायचं नाही म्हणून बजावलंय, आणि हा ओळी गिळतोय!

अध्याय संपल्यावर आरती झाली. मी दत्ताला परसात गाठलं. म्हटलं, अरे, ही पोथी नव्हे.

"अक्का, मला काय दिसत न्हाई व्हय? म्या घरी यायच्या आत आईनं हळद-कुंकू वाहिलं हुतं, शेजारच्या बाया बोलावल्या हुत्या. आता मधीच थांबवलं तर तिला वाटंल, पारायण मोडलं."

तेवढ्यात आत्या बाहेर आली. खूश होती. "पोथी लई चांगली हाय गं," म्हणाली. "देव अजून आला न्हाई. पर यील."

भोरला आल्यावर शकूताईंनी विचारलं, वाचतायत का? मी म्हटलं, मनापासून. खोटं काही नव्हतं त्यात.

* * *

मग पारायणाच्या समाप्तीचा दिवस आला. आत्याचं बोलावणं होतं, की पोथीच्या मालकिणीनं प्रसादाला यायलाच पाहिजे. मी शकूताईंना नुसतं सांगितलं, दत्ताचं वाचून होतंय, आत्यानं जेवायला बोलावलंय.

आम्ही निघणार तेवढ्यात दत्ताचा फोन. आवाज रडवेला. "अक्का, म्या शेवट आधीच वाचून ठिवलाय. तुळसा मरती गं. आन् आई सकाळधरनं पाण्याबिगर बसलीया. म्हणती, तुळसेचं बरं झालेलं ऐकल्याबिगर अन्नाला शिवणार न्हाई. तिला शुगर हाय. मी काय करू?"

मी काय सांगणार? म्हटलं, बघ बाबा, पण शकूताई समोर बसणार हायेत, आणि त्यांना ते पुस्तक तोंडपाठ हाय.

कापूरहोळपर्यंत एसटीनं गेलो, पुढं जीप. जीपमध्ये मी आडून आडून विचारलं, शेवटी काय होतं हो त्यात? शकूताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, तुळसा नदीवर जाते आणि पाण्यात उतरते. परत येत नाही. शेवटचं पान वाचू नये असं दर वेळी वाटतं, आणि दर वेळी वाचते.

"मग दत्तानं काय म्हटलं म्हणजे तुमच्या मनासारखं होईल?"

"ते मला ठाऊक असतं तर एवढ्या लांब कशाला आले असते? एवढंच, की वाचलं तसं बोलावं. गुरुजींसारखं केलं तर मी चहासुद्धा घेणार नाही, वहिनी. आधीच सांगून ठेवते."

पडवीच्या दारात शकूताई थबकल्या. पाट, समई, फुलं, रांगोळी, आणि मधोमध त्यांचं पुस्तक, त्यावर हळदीकुंकवाचे डाग. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कौलं बघायला लागले. आत्यानं त्यांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं आणि खांबाशी पाट मांडून दिला. आत्याचे ओठ सुकलेले. दत्ता आला, शकूताईंना बघितलं, आणि त्याच्या नव्या सदऱ्याची पाठ तिथल्या तिथं घामानं भिजली. मी त्याच्या मागंच बसले. पान दिसेल अशी.

त्यानं वाचायला सुरुवात केली. चाल नव्हती आज, साधं वाचत होता. तुळसा घागर घेऊन निघते, वाटेत कुणी भेटत नाही, नदीला पाणी चढलेलं असतं. मी शकूताईंकडं बघत होते. त्यांचे ओठ दत्ताबरोबर हलत होते, शब्दाला शब्द. आत्यानं डोळे मिटून घेतलेले.

"तुळसेने पाण्यात पाऊल ठेवले. पाणी गुडघ्यास लागले. पाणी कमरेस लागले."

दत्ता थांबला. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. आईकडं बघितलं. मग शकूताईंकडं बघितलं, चांगलं सरळ, चोरून नव्हे. त्याचं बोट पानावर त्या ओळीवरच होतं, ते हललं नाही.

"मंग तिनं घागर बुडवली," तो म्हणाला. "भरून घेतली. आन् माघारी फिरली."

शकूताईंचे ओठ थांबले.

"वल्ली गच्च झाली हुती. पर काठावर आली. घागर डोक्यावर घेतली आन् वाटंला लागली."

बायांनी एकदम श्वास सोडला. कुणीतरी देवाचं नाव घेतलं. आत्यानं डोळे उघडले, आणि तुळसेनंच घागरीतून आणलेलं असावं तसं शेजारणीच्या हातचं पाणी घटाघटा प्यायली. दत्तानं मान खाली घातली. पुस्तक मिटत म्हणाला, "हितं संपलं."

शकूताई उठल्या. मी म्हटलं, झालं, आता ह्या चप्पल घालणार. जीपवाल्याला थांबवून ठेवायला हवं होतं. त्या बायांच्या मधून वाट काढत पुढं आल्या, समईच्या जवळ, अगदी दत्ताच्या समोर, आणि खाली मांडी घालून बसल्या. पदर डोक्यावर घेतला.

"एवढ्यात कसं संपेल?" म्हणाल्या. "पान उलटा. घरी गेल्यावर काय झालं तिचं?"

दत्तानं पुस्तक पुन्हा उघडलं. पान उलटलं. मी मागंच होते, मला स्वच्छ दिसत होतं. पान कोरं होतं.

त्यानं त्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागला.